मुक्ताची शीर

सेतुराम मोतद्दाराला घोड्यातलं सगळं कळत होतं; आपल्याला काय कळत नाही, तेवढंच कळत नव्हतं. तसा तो नावाचाच मोतद्दार. पूर्वजांनी राजांचे घोडे राखले, यानं तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फायली राखल्या. पण तंजावुरात राजवाड्यामागच्या त्या गल्लीत घरी घोडं नाही असा एक दिवस त्यानं जाऊ दिला नाही. शेवटची ही मुक्ता. पांढरीशुभ्र, आणि इतकी शहाणी की वरातीत कानाशी नादस्वरम वाजला तरी पापणी हलवायची नाही. भामा, त्याची बायको, म्हणायची, "ह्यांना ताप मला आला तर कळत नाही, घोडीला आला तर स्वप्नात कळतो." खोटं नव्हतं ते.

पापनाशमच्या एका लग्नात लोकांनी लाडानं मुक्तापुढे घमेलंभर भात ठेवला. सेतुराम तेव्हा पंगतीत बसला होता. तिसऱ्या दिवशी घोडी पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभी राहिली. पाऊल उचलेना. खुरांत निखारे भरल्यासारखी थरथरत होती बिचारी.

जननी, त्याची एकुलती एक लेक, जनावरांची डॉक्टर. ओरत्तनाडूला शिकलेली, जवळच्याच दवाखान्यात नोकरीला. तिनं खुरांवरून हात फिरवला आणि तोंड बारीक केलं.

"अप्पा, त्या भातानं खुरांच्या आत सूज आलीय. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरू नयेत म्हणून अॅस्पिरिन देते. दिवसाआड, गुळातून. पण ही सुरू असताना हिला कुठं चिरायचं नाही हं. रक्त थांबत नाही लवकर."

"मला शिकवतेस?" सेतुराम म्हणाला.

"तुम्हांला नाही तर कुणाला शिकवू?" ती हसून म्हणाली आणि कामावर गेली.

गोळ्यांनी मुक्ता जरा सावरली, पण चालेना. आणि अमावास्या जवळ आली. मोतद्दारांच्या घरची जुनी रीत अशी, की पाय धरलेल्या घोड्याची अमावास्येला मानेची शीर तोडायची, तांब्याभर रक्त काढून लिंबाच्या मुळाशी ओतायचं, मग जखमेच्या दोन कडा पिनेनं टोचून त्याच घोड्याच्या शेपटीच्या केसांनी आवळायच्या. सेतुरामनं हे आपल्या हातानं सात वेळा केलं होतं आणि सातही घोडी उभी राहिली होती. आता ती शीर तोडल्यानं उभी राहिली की एरवीही राहिली असती, कोण सांगणार! जननीला ही रीत आवडत नव्हती, म्हणून तिला कळवायचं नाही एवढंच त्यानं ठरवलं. रीतीतही एक पथ्य होतं: औषध आणि नस्तर एका दिवशी नाही. म्हणून त्यानं दोन दिवस गोळी बंद ठेवली. दोन दिवसांत काय राहतंय रक्तात? असं आपलं त्याला वाटलं.

औषध उरलं नव्हतं, हे खरंच होतं. घोड्याच्या अंगातून ते काही तासांत जातं. पण जाता जाता रक्त गोठवणाऱ्या कणांना लुळं करून जातं, आणि नवे कण तयार होईपर्यंत कित्येक दिवस रक्त नीट गोठत नाही. हे सेतुरामच्या सात घोड्यांपैकी एकानंही त्याला शिकवलं नव्हतं.

अमावास्येला सकाळी आठला त्यानं शीर तोडली. तांब्या भरला. पिन टोचली, केस आवळले. दर वेळी त्यानंतर चिलीमभर वेळात रक्त थांबायचं. नऊ वाजले, थेंब पडतच होते. दहा वाजता त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं. "थांबेल गं, थांबेल," असं तो मुक्ताला सांगत होता, की स्वतःला, देव जाणे. तरी लेकीला फोन करायला जीभ उचलेना. अकराला भामानंच केला.

दाबून दाबून धार बरीच मंदावली होती. तेवढ्यात कोपऱ्यावर जननीच्या स्कूटरचा आवाज आला. आणि सेतुरामनं काय करावं? लेकीच्या नजरेला पडू नये म्हणून केस तोडले, पिन उपसली आणि लांब फेकली. जखम भसकन उघडली. जननी धावत आली, पदर, टॉवेल, मिळेल ते तिनं कोंबलं, शीर बांधायला सुई काढली. पण मुक्ता गुडघ्यांवर बसली, आडवी झाली, आणि तिच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या. दुपारी सगळं संपलं.

"कशानं कापलं, अप्पा?"

"तारेनं."

जननीचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरले होते. ती भिंतीला टेकून खाली बसली. "एवढ्याशा तारेनं? म्हणजे गोळी मीच जास्त दिली. मी मारलं हिला, अप्पा. तुमची मुक्ता मी मारली." आणि ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

भामा दारात होती. तिनं सकाळी सगळं पाहिलं होतं. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. सेतुरामला आपली इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गप्प राहिलं तर पोर जन्मभर हे ओझं वाहणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"तार नव्हती," तो म्हणाला. "मी शीर तोडली. गोळी दोन दिवस बंद ठेवून."

जननीचं रडणं थांबलं. "मग पिन? तुम्ही पिन मारता ना?"

"मारली होती. तुझी गाडी वाजली, तेव्हा काढली."

तिनं टॉवेल बाजूला करून मुक्ताच्या मानेवरची पिनेची दोन भोकं पाहिली.

"ती पिन असती तर मी हिला वाचवली असती, अप्पा," ती म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि मुक्ताच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलत बसली.