कट् म्हणणारी मूठ

जिन्याच्या वर दातांचा दवाखाना, जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, कोनाडाच तो. काचेची एक पेटी, मान वाकवलेला दिवा आणि त्या दिव्याखाली डोळ्याला भिंग चिकटवून बसलेला माणूस. अख्खी गल्ली त्याला टिकटिक म्हणते. चाळीस वर्षं त्याने लोकांची वेळ सुधारली; घरातल्या भिंतीवरचं घड्याळ मात्र कायम दहा मिनिटं मागे. बायको म्हणते, "बरोबरच आहे. हे जेवायलाही दहा मिनिटं उशिराच येतात."

माणूस सरळ, पण दोन गोष्टींवर त्याचा भारी जीव. एक बोलणं, दुसरं शेंगदाणे. दुपारी काम आटोपलं की तो एकेक दाणा डाव्या दाढेखाली घेऊन असा सावकाश फोडायचा, जणू त्याची ख्यालीखुशाली विचारतोय. उजवीकडच्या दाढा केव्हाच निरोप घेऊन गेल्या होत्या. चावायला उरली होती ही एकच, आणि एके सकाळी तीही ठणकायला लागली.

तो जिना चढला. दातांची डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची. तिने दाढेचा फोटो उजेडासमोर धरला.

"काका, रूट कॅनलने दाढ वाचली असती. मुळातल्या बारीक नळ्या साफ करायच्या आणि भरून टाकायच्या. पण तुमचं मूळ बघा, गळासारखं वाकलंय. माझी फाइल, म्हणजे नळ्या घासायची सुई, त्या वळणावर तुटेल. या वर्षी दोन तुटल्यात. तुकडा आत अडकला की काढता काढता नाकी नऊ येतात. त्यापेक्षा दाढच काढू."

"आणि शेंगदाणे काय गिळू?"

"भिजवून खा."

असलं बोलणं ऐकून घेणाऱ्यातला तो नव्हे. त्याने फाइल मागून घेतली. केसाहून जरा जाड अशी काटेरी सुई, वर प्लॅस्टिकची इवलीशी मूठ. भिंगाखाली ती उलटसुलट पाहून तो म्हणाला, "सुई गुणी आहे. तुम्ही फिरवता कशी ते दाखवा."

तिने एका काढलेल्या दातात दाखवलं. किंचित पुढे, किंचित मागे. "आम्हाला शिकवलंय, घड्याळाला चावी देतात तसं करायचं."

"शिकवणाऱ्याने जिन्याखाली विचारायला हवं होतं!" टिकटिक खुलला. "हातमोजा ओला, मूठ गुळगुळीत. घसरू नये म्हणून तुम्ही आवळता. आवळलं की किती जोर गेला ते बोटाला कळत नाही. नवशिके स्प्रिंग अशीच तोडतात. मला तीन आठवडे द्या."

"देते. गोळ्याही देते. पण मध्ये सूज आली तर एक दिवस थांबणार नाही, दाढ काढणार."

मुदत घेऊन तो खाली आला. मनगट हललं की आपोआप चावी मिळणाऱ्या घड्याळात एक शहाणपण असतं. स्प्रिंग पुरती भरली की तिचं टोक ती बसते त्या डबीच्या भिंतीवरून घसरतं. कितीही हात हलवा, तुटत नाही. तेच शहाणपण त्याने हरभऱ्याएवढ्या पितळी मुठीत बसवलं. सुईला झेपेल त्याहून जास्त जोर लागला, की मूठ कट् करून नुसतीच फिरणार, सुई जागच्या जागी. बाहेरून त्याने बारीक खाचा पाडल्या. ओल्या बोटालाही पकड मिळावी म्हणून.

बायकोने ती फिरवून पाहिली. कट्. "छान आहे," ती म्हणाली. "अशीच एक तुमच्या जिभेला बसवा."

दहाव्या दिवशी तो मूठ घेऊन वर गेला. डॉक्टरने काढलेल्या दातात सुई घातली, पुढे फिरवली. कट्. टिकटिकची छाती फुगली. तिने मागे फिरवली. सुई मोडली.

त्याने दात उचलून आत अडकलेला तुकडा पाहिला. मग टिकटिकने कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं त्याने चावी एकाच दिशेने दिली होती. उलट्या फेऱ्यात जोर असतो हे त्याच्या बोटांना ठाऊकच नव्हतं, म्हणून घसरण्याची सोय त्याने एकाच बाजूला ठेवली होती.

"काका, गाल जरा जड दिसतोय तुमचा."

"झोपेमुळे," तो म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या उतरत पळाला.

पुढचे सहा दिवस दुकानाबाहेर बंद घड्याळांची रांग लागली. टिकटिक बोलेना, ऐकेना; गाल हाताने दाबून दुसरी मूठ घासत बसला. ही दोन्हीकडे घसरायची. डॉक्टरने ती वाफेवर निर्जंतुक केली आणि चाळीस काढलेल्या दातांत चालवून पाहिली. त्यांतले बरेच तिने मुद्दाम वाकड्या मुळांचे निवडले होते. एकही सुई मोडली नाही.

तिने त्याचा गाल चाचपला. "नशीब, सूज चढलेली नाही. बसा खुर्चीत," ती म्हणाली.

तोंडात रबराचा पडदा, अर्धा जबडा बधिर. सांगायचं पुष्कळ होतं, पण जीभ कामाला येईना. बाहेरच्या बाकावर बायको. मुळाच्या वळणावर मूठ बोलली. कट्. डॉक्टरचा हात थांबला. तिने सुई काढली, पुसली, पुन्हा घातली. कट्. टिकटिक आवाज मोजत होता. चार झाले. पाचवा येईचना, तसा तो घाबरला. मूठ बिघडली की काय?

"अं! अं!"

"ओरडू नका, काका. आता मूठ बोलायच्या आधीच माझा हात थांबतोय. पोचले तळाशी. सुई अख्खी आहे."

टिकटिकने डोळे मिटून घेतले. बायको आत डोकावली. "चाळीस मिनिटं गप्प! डॉक्टर, हे पडदे विकत मिळतात का?"

पुढच्या महिन्यात दाढेवर कॅप बसली. त्या दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा टिकटिकच्या पुढ्यात सहा नव्या मुठी चमकत होत्या. डॉक्टरने मागवलेल्या. तो भिंग काढून, डोळे मिटून, सावकाश जबडा हलवत होता.

कट्.

बायको दचकली. "काय मोडलं?"

"शेंगदाणा," टिकटिक म्हणाला, आणि त्याने दुसरा उचलला.