मिनूचा लाकडी घोडा

गच्चीवर अंथरलेली, जवळच्या बगरू गावात ठशांनी छापलेली काळी-तांबडी चादर, तिच्या नव्या रंगाचा किंचित तुरट वास, मधोमध भाजलेल्या शेंगांचा ढीग आणि पाठीवर जानेवारीचं ऊन... मानसरोवर वसाहतीतला आमचा रविवारचा मराठीचा वर्ग असा भरत असे. ऐंशीच्या दशकातलं जयपूर. शिकवायच्या त्या शेजारच्या सुमनकाकू. विद्यार्थी आम्ही पाच जण, सगळी बदलीवाल्यांची मुलं, देवनागरी हिंदी शाळेत गिरवलेली आणि घरात अडखळत मराठी बोलणारी.

एकदा काकू म्हणाल्या, "आपलं हरवलेलं एक खेळणं आठवा. ते आत्ता कुठं असेल, काय करत असेल, त्याची कविता करा. खरीच असायला हवी असं नाही."

मी चेंडूवर यमकं जुळवत बसले. माझी सात वर्षांची बहीण मिनू बराच वेळ पेन्सिल चावत राहिली, आणि मग तिनं वाचलं —

"माझा घोडा हरवला नाही,
तो नागपूरहून चालत येतोय.
पाय लाकडाचे, मतलब हळू येतो.
भैयाजींना विचारतो, मिनूचं घर किधर?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. घोडा खरंच हरवला नव्हता. बदलीच्या ट्रकमध्ये जागा उरली नाही म्हणून बाबांनी तो नागपूरच्या घरमालकांच्या व्हरांड्यात ठेवताना मी पाहिलं होतं. मिनूला मात्र सांगितलं होतं — वाटेत कुठंतरी पडला.

संध्याकाळी तिनं कविता बाबांना ऐकवली. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "तो पडला नव्हता, बाळा," ते म्हणाले. "मीच ठेवून आलो."

मिनू रडली नाही. "मग त्याला आपला पत्ता दिलात का?"

दुसऱ्याच दिवशी बाबांनी घरमालकांना पत्र टाकलं. पंधरवड्यानं उत्तर आलं — घोडा शेजारच्या छोट्या मुलीला दिला. ती त्याच्यावर बसल्याशिवाय जेवतच नाही. मिनूनं ऐकून घेतलं आणि वहीतलं कवितेचं पान फाडलं. पुढच्या रविवारी काकूंनी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "आता तो येत नाहीये." काकूंनी तिला दुसरी कविता करायला सांगितलं नाही.

चार वर्षांनी पुन्हा बदली झाली. ट्रक दाराशी लागला तेव्हा बाबांनी सगळ्यांत आधी आमच्या खेळण्यांची पेटी स्वतः उचलून चढवली, आणि जागा पुरेना म्हणून त्यांची आरामखुर्ची तिथंच राहिली. मिनू तेव्हा अकरा वर्षांची होती; त्या पेटीतलं तिला काहीच नको होतं. तसं ती मला हळूच म्हणाली... बाबांना मात्र कधीच म्हणाली नाही.