डबा गरम करणारी

पाळणाघरात तिला सगळे फूआजी म्हणतात. भरवताना ती प्रत्येक चमच्यावर फू करते, म्हणून. नाव मुलांनी ठेवलं, मॅडमनी, म्हणजे पाळणाघराच्या मालकीणबाईंनी, ते उचललं, आणि आता पालकही दारातूनच "फूआजी, हिला आज जरा सर्दी आहे हं" असं सांगून पळतात. काम एकच: दुपारी डबे गरम करायचे आणि भरवायचे. ओट्यावर डब्यांची रांग लागते. अस्वलाच्या तोंडाचे, मोटारीच्या आकाराचे, झाकणाला डोळे असलेले. सगळे प्लॅस्टिकचे. त्यातच तिच्या नातवाचाही एक, हिरवागार, बेडकाचा. सुनेनं हौसेनं आणलेला.

इतकी वर्षं ते डबे ती तसेच मायक्रोवेव्हमध्ये ढकलत आली. मग एकदा सुनेला कामावरून निघता येईना, म्हणून नातवाला लस द्यायला हीच घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पोराचं पोट दाबता दाबता विचारलं, डबा कशात देता?

"प्लॅस्टिकचाच आहे, पण चांगला आहे. बीपीए-फ्री लिहिलंय त्यावर."

"हो, बीपीए नावाचं रसायन बाहेर काढतात आणि कधी कधी त्याच्याच चुलतभावाला आत घेतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिवाय मऊपणाला, रंगाला आणखी काय काय घातलेलं असतं. अन्न गरम असलं, तेलातुपाचं असलं की त्यातलं थोडं थोडं अन्नात उतरतं. काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबुड करतात, आणि वाढत्या मुलांना त्याचा धोका जास्त. किती, ते अजून नीट कळलेलं नाही. पण निदान त्यात गरम करू नका. काच वापरा, स्टील वापरा."

संध्याकाळी तिनं हे सुनेला सांगितलं. सून दारात चपला काढत होती.

"डॉक्टर असं म्हणाल्या, का तुम्हाला असं ऐकू आलं?"

"मी काय बहिरी आहे?"

"बहिऱ्या नाही हो आई. पण तो डबा आणला त्या दिवशीच तुम्ही नाक मुरडलं होतंत. आता डब्याला नावं ठेवता, म्हणजे मलाच ठेवता ना?"

"अगं, मी पोराबद्दल बोलतेय."

"मग मी कुणाबद्दल विचार करते? शेजारच्यांच्या पोराबद्दल?"

मुलगा, म्हणजे पोराचा बाप, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आपण नाही का वाढलो तसेच?" त्यावर दोघी एकदमच म्हणाल्या, "तू गप्प बस." तेवढ्यापुरतं एकमत झालं आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी फूआजीनं घरून काचेचं एक भांडं नेलं. एकेकाचा डबा त्यात उपडा करायचा, गरम करायचा, भांडं धुवायचं, मग पुढचा. पण पाळणाघराची एक रीत होती. रोज दुपारी प्रत्येक मुलाचा त्याच्या डब्यासकट फोटो काढून घरी पाठवायचा. मुलांच्या आयांना आपला डबा दिसायला हवा असे. म्हणून गरम झालेलं अन्न ती पुन्हा डब्यात ओतायची. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं. मग एक दिवस बेडकाच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब चिकटलेले दिसले. डबा हाताला मऊ लागत होता, आणि भाताला भातापेक्षा झाकणाचाच वास जास्त. म्हणजे हे सगळे उपद्व्याप करून आपण केलं काय? आगीतून काढून फुफाट्यात नाही, फुफाट्यातून काढून परत आगीत.

त्या दिवसापासून ती काचेच्या भांड्यातूनच भरवू लागली. भांडं एक, तोंडं ढीगभर. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत ते रडून रडून झोपून जायचं. फोटोत डबे दिसेनात. एका आईनं मॅडमना विचारलं, "माझा डबा दुसऱ्याच कुणाला देता का?" दुसरी म्हणाली, "सगळ्यांचं एकाच भांड्यात? शी!"

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं.

"फूआजी, तुमची कळकळ कळते मला. पण पालकांना घाबरवून पाळणाघर चालतं का?"

"मी घाबरवत नाही हो. सगळ्यांना काचेच्या वाट्या आणा एवढंच म्हणते."

"फुटल्या तर? पोराच्या पायात काच गेली तर तुमच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत का काढायला?"

काच ओट्यावरच राहू द्या, त्यात गरम झालेलं स्टीलच्या ताटलीत काढून भरवा, हे उत्तर तिला जिना उतरताना सुचलं. तोवर तिची बदली झोपेच्या खोलीत झाली होती. डबे गरम करायचं काम सफाईवाल्या काकूंकडे गेलं. त्यांना कसलीच शंका येत नसे, म्हणून मॅडमना त्या आवडत.

घरी तिनं काही सांगितलं नाही. पण मॅडमनी सुनेला फोन करून सांगितलंच, "तुमच्या सासूबाईंना जरा समजावा." सून दोन दिवस घुश्शात होती. मग तिनं काय केलं, तर डॉक्टरीणबाईंनाच गाठलं. त्यांच्याशी काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. सकाळी बेडकाच्या जागी पोराच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. फूआजीनं तो पाहिला, आणि तिनं पाहिल्याचं सुनेनं पाहिलं.

दुपारी फूआजी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. सफाईवाल्या काकू स्टीलच्या डब्यातला भात प्लॅस्टिकच्या निळ्या वाटीत काढत होत्या.

"अहो, हे काय?"

"स्टील मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, ठिणग्या उडतात. मॅडमनीच शिकवलंय," काकू म्हणाल्या आणि बटण दाबलं.

नातू केव्हाचा भुकेला होता. वाटी बाहेर आली तेव्हा त्यानं तोंड उघडून ठेवलं होतं. फूआजीनंच फू करून भरवलं. दुसरं काय करणार?

संध्याकाळी सुनेनं चपला काढण्याआधीच विचारलं, "आज स्टीलच्या डब्यातलंच खाल्लं ना?"

हो म्हटलं असतं तर घरात शांतता राहिली असती. "नाही," फूआजी म्हणाली, आणि निळ्या वाटीचं सांगितलं.

सुनेनं उभ्या उभ्या मॅडमना फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अहो, ती वाटी मायक्रोवेव्हला चालते. खाली छापलेलंच आहे."

"वाटी वितळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाटीला चालत असेल. माझ्या पोराला चालतं का, ते विचारतेय मी."

मग मॅडम म्हणाल्या, "एका मुलासाठी वेगळं काही जमणार नाही. चालत असेल तर डबा गारच भरवू, नाहीतर दुसरीकडे बघा."

दुसरं पाळणाघर जवळपास नव्हतं, आणि गार भात पोरगा थुंकून टाकतो. फोन ठेवून सून तिथेच पलंगाच्या कडेला बसली.

"आई, पोराला घरी ठेवायला उद्या तुम्हाला सुट्टी मिळेल?"

"नाही गं. तुला?"

"मलाही नाही."