सासऱ्याच्या शेतातली रेती

त्या दिवशी आम्ही डोंबिवलीच्या खाडीत रेतीचे पट्टे पाडायला गेलो. तोवर ज्या गावच्या होड्या जिथे जात, तिथली रेती त्या गावाची असे. आता नकाशावर प्रत्येक गावाच्या पट्ट्याची रेघ येणार होती. गाव ज्या डोहातून रेती काढी, तो रेघेबाहेर राहिला, तर गावाचं काम बंद.

मी मोजणी खात्यात नवा होतो. साहेबांनी आयुष्यभर शेतं मोजली होती, खाडी पहिल्यांदाच. गावातर्फे पांडूदादा आला. तो पाणबुड्या. बांबू धरून तळाशी जायचं, बादलीत रेती भरायची, होडीवरच्यांनी ती वर ओढायची. गावाचा डोह पट्ट्यात यावा, एवढंच त्याला हवं होतं.

आमची मोजणी फळीवर चाले. तिवईवर फळी, तिच्यावर कागद. एका जागेवरून दूरच्या खुणेकडे रेघ मारायची, मग दुसऱ्या जागेवरून त्याच खुणेकडे. रेघा जिथे छेदतील, तिथे ती खूण. अट एकच, खूण हलता कामा नये. साहेबांनी चिखलात रुतलेल्या होडीची डोलकाठी निवडली. ती उंच होती, सरळ होती. तिच्यापासून पट्टा आखायचा होता.

पांडूदादा काही सांगू लागला. मोजणीच्या वेळी मध्ये बोलायचं नाही, असं साहेबांनी बजावलं. तो पुन्हा बोलू लागला, तेव्हा त्याला दूर छत्रीखाली बसवलं. "तुमी तरी सांगा," तो मला हळूच म्हणाला. त्याचं ऐकावं, असं मी साहेबांना सांगितलं नाही. माझी नोकरी कच्ची होती.

पहिली रेघ झाली. आम्ही डबे खाल्ले. फळी दुसऱ्या जागी नेऊन दुसरी रेघ मारली. रेघा खाडी ओलांडून पलीकडच्या काठावर भेटल्या आणि पट्टा भातशेतात जाऊन पडला.

पांडूदादाने कागद शांतपणे पाहिला. पलीकडे त्याची सासुरवाडी होती.

"सायेब, मंग बुडी सासऱ्याच्या शेतान मारू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहिलं. भरती आली होती. होडी चिखलातून उठून नांगराच्या दोराभर सरकली होती. डोलकाठी अजून सरळच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदराची पायरी आणि गावदेवीच्या देवळाचा कळस धरून मोजलं. या खुणा पांडूदादाने दाखवल्या. मग त्याने बुडी मारून डोहात बांबू रोवला. डोह पट्ट्यात आला. हवामानामुळे एक दिवस जास्त लागला, असं साहेबांनी अहवालात लिहिलं.

खूण निवडताना ती कशावर उभी आहे, ते आधी पाहावं. मी पुढे नोकरीभर पाहिलं.

पांडूदादा गेल्या महिन्यात गेला. गावात आता पाणबुड्या नाही. डोहात गाळ आहे.