साठ गाईंचा कौल

टेनेसीतल्या व्हर्लिन टॅकेटच्या गोठ्यात तीस वर्षं रोज पहाटे डॅश मर्सरचं रॉक वाजायचं. मर्सर किंचाळू लागला की साठ गाई निमूट दूध द्यायच्या. व्हर्लिनचं दैवत तेवढं एकच. चर्चला तो जायचा बायकोच्या धाकाने.

चौपन्नाव्या वर्षी मर्सर कंट्री गाऊ लागला. म्हणजे शेत, गुरं, मळके बूट आणि गावची आठवण. कातड्याची घट्ट पँट गेली, रुंद टोपी आली, आणि अल्बमच्या फोटोला गोठा हवा म्हणून स्वारी नेमकी व्हर्लिनच्या दारात उतरली. उतरली ती थेट शेणात. तीन माणसांनी धावत येऊन बूट लख्ख पुसले आणि मग डबीतून आणलेला चिखल त्यांवर ब्रशने बेताबेताने लावला. 

अल्बम तुफान चालला. सर्वोत्कृष्ट नवोदित गायकाचं बक्षीस घेताना मर्सर गहिवरून म्हणाला, "मी मनाने कायम गवळीच होतो!" टीव्हीसमोर व्हर्लिनच्या बायकोने डोळे पुसले.

पुढच्या अल्बमच्या फोटोसाठी मर्सर पुन्हा आला. व्हर्लिनच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काय गड्या, माझी नवी गाणी गाईंना ऐकवलीस की नाही?"

"ऐकवली ना साहेब," व्हर्लिन टोपी काढून अदबीने म्हणाला. "अगदी शेवटपर्यंत ऐकतात बिचाऱ्या. फक्त पान्हा चोरतात."