जिभेवरचा व्रण आणि एप्रनचं बटण

आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या बाईंना सगळं रुग्णालय माघारी 'थांबाबाई' म्हणतं. रिपोर्टसाठी फोन आला की त्या एकच शब्द बोलतात, "थांबा." चहासुद्धा त्यांच्या टेबलावर थांबून थांबून गार होतो, आणि मग त्याच कुरकुरतात की इथे गरम चहा म्हणून मिळत नाही.

मी त्यांच्या हाताखाली नवीन होते, तेव्हा एका शिंप्याच्या जिभेचा तुकडा तपासायला आला. जिभेच्या उजव्या कडेला दीड महिना न भरलेला व्रण. मायक्रोस्कोपखाली मोठमोठ्या बेढब पेशी थेट स्नायूत शिरलेल्या. काहींनी लिम्फोमा ओळखायच्या विशेष चाचणीचा रंगही धरला. पुस्तकातल्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, चित्रासारखंच. मी कच्च्या रिपोर्टवर तसं लिहिलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. "या लाल दाणेदार पेशी इतक्या का जमल्यात, विचारलंस?"

"कुणाला?"

"जिभेच्या मालकाला."

सर्जन दारातच होते. "सोमवारी उपचार सुरू करायचेत. स्लाइडवर दिसतंय ना सगळं?"

"स्लाइडवर जीभ दिसते, दात दिसत नाहीत. थांबा."

बाईंनी बोलावून घेतलेले शिंपीकाका आले. मागे मुलगी, फाइल छातीशी घट्ट धरून. कर्करोगाचा संशय तिच्या कानावर गेला होता. काकांना कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी टॉर्चने तोंड पाहिलं. उजवीकडची दाढ टोकाला तुटलेली होती.

"काका, ही लागते जिभेला?"

"छे. जीभ तिकडे जातच नाही."

"त्यांना नका विचारू," मुलगी म्हणाली. "बाबांना आपलं घोरणंही मान्य नाही."

बाईंनी एप्रन उतरवला. त्याचं बटण महिनाभर लोंबत होतं. ड्रॉवरमधून सुई-दोरा काढून त्या म्हणाल्या, "एवढं लावून द्या."

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी सुई उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला, आणि जीभ उजव्या कोपऱ्यातून बाहेर येऊन बरोबर त्या दाढेखाली चिमटली.

"तसेच थांबा," बाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं असंच ओवतात," मुलगी हळूच म्हणाली. "आई तर नक्कल करायची."

पुन्हा पुन्हा चावली गेलेली जखम कधीकधी लिम्फोमाचं सोंग घेते आणि त्या लाल दाणेदार पेशी अशाच जखमेत गर्दी करतात, असं बाईंनी मला समजावलं. मी लगेच रिपोर्ट खोडायला धावले, तर त्यांनी मलाही थांबवून पेन काढून घेतलं. नुसतं वाटतं म्हणून सही करायची नसते म्हणे. दाढ घासून गुळगुळीत करून घेतली. सर्जननी धुसफुसत तीन आठवडे दिले, वर एक दिवस नाही.

तीन आठवड्यांनी व्रणाच्या जागी फिकट रेघ उरली होती. बाईंनी 'कर्करोग नाही' अशा रिपोर्टवर सही केली आणि दर महिन्याला दाखवायला बजावलं. मुलीने फाइल मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसली.

काकांची मात्र तक्रार होती. "जीभ बाहेर काढायला बंदी केलीत. आता दोरा ओवायला हिला हाका मारतो."

"आणि मी म्हणते, थांबा," मुलगी म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, नेहमीच्या सवयीने चहाचा मोठा घोट घेतला, आणि तो नेमका गरम असल्यामुळे स्वतःची जीभ भाजून घेतली.