चिमट्याने उचललेली टोपी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. दवाखान्याची चांगली नोकरी काहून सोडली, हे आई मरेपर्यंत विचारत राहिली. मी म्हणायची, पाय दुखत होते.

पाय दुखत नव्हते.

बालाघाट शहरात एका डॉक्टरांचा खासगी दवाखाना होता. पुढे तपासायची खोली, मागे खाटांची, मधे हिरवा पडदा. मी तिथं झाडायला-पुसायला लागले होते. आम्ही धम्म घेतल्याला थोडीच वर्षं झाली होती. वस्तीतल्या भिंतींवरचे देव उतरले होते. गावाच्या मनातून आमची जात उतरली नव्हती.

एके सकाळी मी नर्सची पांढरी टोपी घालून पुढच्या खोलीत ट्रे ठेवायला गेले. खुर्चीवर गिरणीवाल्या शेटाची बायको बसली होती. तिनं मला खालून वर पाहिलं.

"ये तो उस मोहल्ले की है न? इसके हाथ का हम नहीं लेंगे."

डॉक्टरांच्या बाईसाहेब हसल्या. "अहो, ही कसली नर्स! झाडूवाली आहे. खेड्यातले लोक येतात ना, त्यांच्यासाठी घालतो टोपी. त्यांना बरं वाटतं."

उकळत्या पाण्यातून सुया काढायचा चिमटा स्टोव्हजवळ असायचा. बाईसाहेबांनी तो घेतला आणि माझ्या डोक्यावरची टोपी चिमट्यानं उचलली. पिनेत अडकलेले केस तुटले. टोपी त्यांनी खिळ्याला टांगली. मग तो चिमटा उकळत्या पाण्यात टाकला.

शेटाणी हसली. बाईसाहेब हसल्या.

मीही हसले.

त्या दिवसापासून कायदाच झाला. शेट, वकील, तहसीलचे साहेब पुढं बसले की मी पडद्याच्या आत. बाहेर पाऊल टाकायचं नाही. खेड्यावरची माणसं मागं आली की टोपी डोक्यावर. मग मी 'सिस्टर'. सुई टोचायला डॉक्टरांनीच शिकवलं होतं, कच्च्या पपईवर. कुठं टोचायची ते शिकवलं. कुणाला टोचायची नाही, ते शिकवलं नाही.

आणि मला ती टोपी आवडायची. हे लिहिताना हात अडतो, पण आवडायची. परसवाड्याकडचा म्हातारा माणूस, माझ्या बापापेक्षा मोठा, मला पाहून उठून उभा राहायचा. "बसा नर्सबाई," म्हणायचा. आमच्या घरात कुणासाठी कुणी कधी उठलं नव्हतं.

एक दिवस लामत्याकडची एक बाई आली. अंगात ताप, छातीत खोकला. सोबत नवरा, त्याच्या कडेवर लहान पोरगी. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले, "सिस्टर, पेनिसिलिन," आणि पडद्यापलीकडे गेले. पुढं शेटाणी आली होती.

मी सुई भरत होते. बाईनं हळूच विचारलं, "तू आपलीच ना वो?"

"हौ."

"जयभीम, बाई." तापातही तिचं तोंड फुललं. नवऱ्याला म्हणाली, "पाहा जी, आपली पोट्टी नर्स झाली."

नवरा कडेवरच्या लेकराला म्हणाला, "मोठी झाली का अशीच होजो, बरं."

मग ती बाई म्हणाली, "बाई, मांगं वारासिवनीले सुई घेतलती, तं अंगभर गांधी उठल्या. दमच कोंडला होता. ही सुई चालन ना मले?"

मला उत्तर येत नव्हतं. डॉक्टरांना विचारायला पाहिजे, एवढं मात्र कळत होतं. मी पडद्याशी गेले, थोडा सारला.

"साहेब, ती पेशंट म्हणते—"

"आत हो."

"तिला मागं सुई—"

"आत हो म्हटलं ना! टोपी घालून इथं येतेस?"

शेटाणीनं पदर सावरून पाय आखडून घेतले. मी पडदा ओढला.

"काय म्हणले डॉक्टर?" नवऱ्यानं विचारलं.

थांबा म्हणता आलं असतं. मी नर्स नाही, झाडते इथं, असं म्हणता आलं असतं. पण त्या बाईनं माझा हात धरला होता. पाहत होती माझ्याकडं, जणू तिच्याच घरातलं कुणी मोठ्या जागी बसलंय.

मी म्हटलं, "चालतं म्हणले."

ते शब्द डॉक्टरांचे नव्हते. माझे होते.

सुई टोचली, बाहेर काढली. आधी तिनं मान खाजवली. मग ओठ सुजले. मग ती उठून बसायला पाहू लागली आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी ओरडले. डॉक्टर धावत आले, मला ढकललं, आणखी कसलीशी सुई दिली, छाती दाबली. शेटाणीची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत सगळं संपलं होतं.

डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "ताप डोक्यात गेला होता. फार उशिरा आणलंत."

त्यानं मान हलवली. आपलीच चूक, म्हणून मान हलवली. मग माझ्यापुढं हात जोडले. "नर्सबाई, तिचा हात तुमच्या हातात होता. शेवटी आपलं माणूस होतं तिच्यापाशी."

मागच्या खोलीत डॉक्टरांनी आवाज खाली आणून विचारलं, "सुई कुणी दिली?"

"मी."

"आणि तू कोण?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"झाडूवाली. पोलिसात तेच सांगेन मी. समजलं?"

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी टोपी खिळ्यावरून काढली. चिमट्यानं नाही. हातानं. पहिल्यांदा हातानं. गोड बोलल्या, "घाल गं, पेशंट बसलेत."

तो हात मी पाहिला. चिमटा बरा होता. चिमटा खरं बोलत होता.

मी टोपी घेतली, पडदा सारला आणि पुढच्या खोलीत गेले. खोली भरलेली होती. टोपी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"मी नर्स नाही. मी इथं झाडते."

कुणीतरी फिसकन हसलं. दारातली खेड्यावरची माणसं माझ्याकडं पाहत राहिली. पुढचं वाक्य तयार होतं. कालची बाई सुईनं मेली, सुई मी दिली, डॉक्टरांचं उत्तर न घेता दिली. डॉक्टर माझ्याकडं पाहत होते. नुसते पाहत होते.

ते वाक्य आलं नाही. मी चालू लागले.

एवढी वर्षं विड्या वळल्या आणि त्या सकाळीला मी माझं बंड म्हणत आले. ते बंड अर्धं होतं. टोपी ठेवली, मेलेली बाई लपवली.

परवा बस अड्ड्यावर हाक आली. "जयभीम, नर्सबाई!"

तोच. केस पिकलेले, हातात पिशवी. "वळखलं नाही का? लामत्याकडचा! त्या दिसी तुमी होत्या ना..." आणि हसत सांगू लागला, "पोट्टी मोठी झाली आता. मॅट्रिकमंदी फेल झाली. म्हटलं, घरी काहून बसतं? त्याच डॉक्टरकडं लावून राह्यलो. आता तं लई मोठा दवाखाना झाला ना तो. डॉक्टर म्हणे, आणून दे, चार दिसात नर्स बनवून टाकतो. टोपीबी तेच देतात."

"कधी येते?"

"येत्या बाजाराच्या दिसी. मी तिले म्हटलं, त्या नर्सबाईसारखी होजो."

त्याची बस लागली. तो खिडकीतून हात हलवत राहिला. मी पुन्हा गप्प राहिले.

माझ्या गप्प राहण्यानंच त्या पोरीला त्या दारात आणून उभं केलंय. उद्या ती कुणाच्या तरी आईला म्हणेल, चालतं म्हणले.

बाजाराच्या आधी मी लामत्याला जाणार आहे. बापलेकीसमोर बसणार आहे. चिमटा, पडदा, शेटाणी, हेही सांगेन, पण ते मागाहून. आधी माझे शब्द. ते मला हाकलतील, पोलिसात नेतील, न्यावं.

त्या पोरीला तिच्या आईच्या मरणाचं खरं सांगायचं देणं मी लागते. ते मी अजून सांगितलेलं नाही.